ओरेन्कोचे रूळ

१२ सप्टेंबर १९९८ ला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी विजेची रेल्वे, पश्चिमेकडे हिल्सबरोपर्यंत पोचली, तेव्हा वाटेतल्या ओरेन्को स्टेशनवर उतरणाऱ्याने जायचं कुठे हा प्रश्नच होता. दोन प्लॅटफॉर्म, वर छपरं, तिकिटाची यंत्रं, गाड्या लावायला जागा, सगळं जय्यत तयार. आणि भोवती गवत. उत्तरेला कॉर्नेल रोडच्या बाजूला एका नव्या वसाहतीचं बांधकाम नुकतं कुठे आकार घेत होतं, आणि तीही स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत. रानात कुणासाठी गाडी नेताय, अशी थट्टा तेव्हा पुष्कळ झाली.

मी कल्याणची. आमच्याकडे आधी माणसं येतात, मग इमारती येतात, मग पाणी नाही म्हणून हंडा मोर्चा निघतो, आणि या सगळ्याला बरीच वर्षं उलटली की लोकलची एखादी फेरी वाढते. त्यामुळे रिकाम्या रानात आधी स्टेशन बांधायचं आणि मग लोकांची वाट बघायची, हा प्रकार मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा श्रीमंतांचा चाळा वाटला होता. आता मी त्याच गवताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतून गाडी येताना दिसते. घरातून निघायचं की धावायचं, हे त्यावर ठरतं.

यामागे ओरेगन राज्याचा एक जुना हट्ट आहे. १९७३ साली टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना या राज्याने जमीन वापराचा कायदा केला. प्रत्येक शहराने स्वतःभोवती एक रेघ मारायची, रेघेच्या आत शहर, बाहेर शेती. पोर्टलंड आणि आसपासच्या गावांची मिळून अशी रेघ १९७९ मध्ये पक्की झाली. ती नकाशावरच राहिली असं नाही. हिल्सबरोच्या कडेला गेलं तर रस्त्याच्या एका अंगाला तीन मजली घरं आणि दुसऱ्या अंगाला गव्हाचं किंवा क्लोव्हरचं शेत, असं आजही स्वच्छ दिसतं. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, पोर्टलंडने आपल्या पूर्व भागातून जाणारा माउंट हूड फ्रीवे रद्द केला. तो झाला असता तर हजाराहून जास्त घरं पाडावी लागली असती. फ्रीवेसाठीचे केंद्राचे पैसे दुसऱ्या वाहतुकीकडे वळवायची मुभा मिळाली, आणि त्यातल्या काहींमधून १९८६ मध्ये पोर्टलंड ते ग्रेशम ही पहिली लाइट रेल झाली. तिचं नाव मॅक्स.

पश्चिमेकडची गाडी खरं तर १८५ व्या अव्हेन्यूपाशीच थांबणार होती. हिल्सबरोचं जुनं गाव तिथून पुढे काही मैलांवर. मध्ये शेती आणि रोपवाटिका. पण हिल्सबरोकरांनी लावून धरलं आणि १९९३ मध्ये मार्ग पुढे वाढला. वॉशिंग्टनहून पैसे आणण्यात सिनेटर मार्क हॅटफील्ड यांचा हात मोठा होता. शेवटच्या स्टेशनाला त्यांचंच नाव आहे. एकूण खर्च सुमारे ९६ कोटी डॉलर. त्याच सुमारास या भागातून आणखी एक मोठा बाह्यवळण रस्ता काढायचं घाटत होतं. 'वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगन' नावाच्या संस्थेने त्याला नुसता विरोध केला नाही, तर रस्त्याऐवजी रेल्वेच्या भोवती वस्ती वसवली तर काय होईल याचा स्वतःचा आराखडाच करून दाखवला. रस्ता बारगळला. म्हणजे ओरेन्कोच्या रानात स्टेशन आलं ते लोक येणारच, आणले जाणारच, या हिशेबाने.

पण ते रान मुळात रान नव्हतंच.

१९०६ च्या सुमारास ओरेगन नर्सरी कंपनीने इथे बाराशे एकरांच्या आसपास जमीन घेतली. मॅल्कम मॅकडॉनल्ड आणि आर्चिबाल्ड मॅकगिल हे तिचे मालक. फळझाडांची कलमं करायची आणि देशभर पाठवायची, हा धंदा. कामगारांसाठी त्यांनी गाव बसवलं आणि कंपनीच्या नावातली अक्षरं जोडून त्याला ओरेन्को म्हटलं. कामगारांत हंगेरीहून आलेली बरीच कुटुंबं होती. १९१३ मध्ये या गावाला रीतसर शहराचा दर्जा मिळाला: लोकसंख्या पाचशेच्या घरात, पण महापौर वगैरे सगळा थाट. कंपनीने ओरेन्को याच नावाचं एक लाल सफरचंदही काढलं. हौशी बागायतदारांकडे त्याची झाडं अजून आहेत.

आणि गावात स्टेशन होतं. १९०८ पासून. ओरेगन इलेक्ट्रिक रेल्वे नावाच्या कंपनीने त्या वर्षी पोर्टलंडहून बीव्हर्टन, ओरेन्को, हिल्सबरो करत फॉरेस्ट ग्रोव्हपर्यंत विजेवर चालणारी गाडी सुरू केली. हे वाचलं तेव्हा मी आधी आपल्याकडची तारीख आठवली. व्हीटी ते कुर्ला ही आपली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ची. म्हणजे मुंबईत वाफेचं इंजिन धूर ओकत होतं तेव्हा ओरेन्कोचा कलमं बांधणारा माणूस विजेच्या डब्यात बसून बाजाराला जात होता. मुंबईकराला हे पचवायला जरा जड जातं. (माझ्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "गर्दी किती होती ते सांग आधी.") त्या काळी हिल्सबरोला विजेच्या गाड्यांची स्पर्धाही होती. सदर्न पॅसिफिक कंपनीने १९१४ मध्ये आपल्या लाल डब्यांच्या गाड्या आणल्या. लोक त्यांना 'रेड इलेक्ट्रिक' म्हणत. एवढ्याशा टापूत दोन दोन कंपन्यांच्या विजेच्या गाड्या. मग मोटारी आल्या, रस्ते डांबरी झाले आणि रेड इलेक्ट्रिक १९२९ मध्येच बंद पडली. ओरेगन इलेक्ट्रिकची प्रवासी गाडीही तिच्यामागून तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला गेली.

गाव त्याच्या आधीच खचायला लागलं होतं. १९२७ मध्ये नर्सरी कंपनी बुडाली. गावात दुसरा धंदाच नव्हता. मंदी आली, आणि १९३८ मध्ये ओरेन्कोने आपला शहराचा दर्जा सोडून दिला. पंचवीस वर्षांची नगरपालिका. गाव मेलं असं म्हणता येत नाही, कारण घरं राहिली, शाळा राहिली, चर्च राहिलं. मॅकडॉनल्ड यांचं घर तर आजही आहे, आणि ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण नकाशावरचं ठळक टिंब बारीक झालं.

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मधली साठ-पासष्ट वर्षं, ज्यांत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. कंपनी गेली, नगरपालिका गेली, प्रवासी गेले, वरची विजेची तारही १९४५ मध्ये गेली. पण रूळ उखडले नाहीत. डिझेलच्या मालगाड्या त्यांवरून पुढे कितीतरी वर्षं जात राहिल्या. रेल्वे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या, मालकाचं नाव बदलत गेलं, जमिनीची ती लांब अरुंद पट्टी मात्र अखंड राहिली. कुणी मध्येच दुकान टाकलं नाही, कुणी बंगला बांधला नाही. नव्वदच्या दशकात बीव्हर्टन ते हिल्सबरो लाइट रेल न्यायची ठरली तेव्हा बहुतेक मार्ग या पट्टीवरच बसला. नवी जमीन घ्यायची असती तर शंभर मालक, शंभर वकील. आपल्याकडे एखाद्या मेट्रोच्या कारशेडचा वाद किती वर्षं चालतो ते पाहिलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पोर्टलंडच्या बाजूला मात्र डोंगर फोडावा लागला. साधारण तीन मैलांचा दुहेरी बोगदा, आणि त्यात वॉशिंग्टन पार्क हे स्टेशन जमिनीखाली सुमारे ७९ मीटरवर. उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल स्टेशन हेच. खोदणाऱ्या यंत्राला लाडाने 'बोर-रिगार्ड' म्हणत. डोंगरातला बेसॉल्ट इतका भेगाळलेला निघाला की या लाडक्याने बराच काळ काम अडवून धरलं. सह्याद्रीच्या माणसाला बेसॉल्ट परका नाही, पण हा आपल्याहून बराच तरुण, दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. खडकात खोल भोक पाडून काढलेला लांबच्या लांब नमुना तिथे प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर आडवा लावलाय, खाली कालखंड लिहिलेत. शेजारी गणितातल्या पायची (π) किंमतही कोरली आहे, आणि तिचे आकडे थोड्या अंतरावरच चुकतात. आमच्या भागात इंजिनिअर इतके आहेत की पाहुण्यांना ती चूक दाखवणं हा एक ठरलेला कार्यक्रम आहे.

गाडी दोनच डब्यांची असते. त्याचं कारण पोर्टलंडच्या रस्त्यांत आहे. तिथल्या मध्यवस्तीत एका चौकापासून दुसरा चौक दोनशे फुटांवर. मॅक्स तिथे सिग्नलला थांबत रस्त्यावरूनच जाते, आणि दोन डबे लावले की दोन चौकांमधली जागा जवळजवळ भरते. तिसरा लावला तर मागचा डबा चौक अडवून उभा राहील. त्यामुळे गर्दी वाढली तरी डबे वाढवता येत नाहीत. बारा आणि पंधरा डब्यांच्या लोकलवर पोसलेल्या मला ही गाडी प्रथम खेळण्यातली वाटली होती. पण दाराचा उंबरठा प्लॅटफॉर्मच्या जवळजवळ पातळीला. १९९७ मध्ये आलेले हे खालच्या पातळीच्या फरशीचे डबे. उत्तर अमेरिकेत लाइट रेलला असे डबे पहिल्यांदा मॅक्सनेच वापरले. बटण दाबलं की दाराखालून एक छोटी फळी बाहेर येते, चाकाची खुर्ची सरळ आत.

आई इथे आली होती तेव्हा तिला या गाडीचं फार कौतुक आणि तितकाच संशय. पहिल्या दिवशी आम्ही दोघी प्लॅटफॉर्मवर उभ्या होतो. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, फाटकबिटक काहीच नाही? तिकीट कोण बघतं?"

"कोणी नाही बघत गं आई. कधीतरी तपासायला येतात."

"म्हणजे निम्मे फुकटेच असतील."

गाडी आली, थांबली. दार उघडेल म्हणून ती पदर सावरून उभी. दार उघडेना. इथे बाहेरचं बटण दाबावं लागतं, नाहीतर गाडी दार न उघडता निघून जायची. मी दाबलं. आत शिरल्यावर तिची नजर गेली ती डब्यात आकड्याला उभ्या टांगलेल्या सायकलींवर, आणि मग ती बराच वेळ छताकडे पाहत घोषणा ऐकत बसली. मॅक्सची घोषणा दोन भाषांत असते: 'डोअर्स टु माय लेफ्ट, पुएर्तास आ मी इस्किएर्दा.' गाडी स्वतःबद्दल बोलते, माझ्या डाव्या हाताला दार आहे म्हणून. आईला इंग्रजी बेताचं आणि स्पॅनिश अजिबात नाही, पण आठ दिवसांत तिने ती स्पॅनिश ओळ हुबेहूब पाठ केली. नातवाला जेवायला हाक मारताना ती वापरायची.

आता त्या नव्या वसाहतीबद्दल. तिचं नावच ओरेन्को स्टेशन. नव्वदच्या दशकात तिचा आराखडा झाला तेव्हापासून नगररचना शिकणाऱ्यांची ती पंढरी आहे: अरुंद रस्ते, रस्त्याला लागून पुढे ओसरी असलेली घरं, गाड्यांचे गाळे मागच्या गल्लीत, खाली दुकान वर घर, मधोमध बाग, आणि पायी अंतरावर स्टेशन. कागदावर असं वाटेल की दुकानांचा चौक स्टेशनाला लागून असेल. तो तसा नाही. तो कॉर्नेल रोडवर आहे, साधारण चारशे मीटर उत्तरेला. कारण सरळ आहे. दुकानं चालायला गिऱ्हाईक लागतं, आणि रोज हजारोंनी गाड्या जातात त्या कॉर्नेलवरून. स्टेशनवर उतरणाऱ्या मूठभरांवर कॉफीचं दुकानही तगलं नसतं. त्यामुळे रेल्वेचं नाव लावणाऱ्या वसाहतीचं तोंड मोटारींच्या रस्त्याकडे झालं, आणि चौक ते स्टेशन हा पट्टा पंधराएक वर्षं मोकळाच राहिला. मधून एक रस्ता, दोन्हीकडे गवत. पावसाळ्यात, म्हणजे इथे ऑक्टोबर ते मे, संध्याकाळी साडेचारच्या अंधारात तो चालत पार करणं हे पायी चालण्याच्या तत्त्वज्ञानाची परीक्षाच असणार.

मला यावरून वसाहत बांधणाऱ्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. त्यांनी बाजारपेठेशी तडजोड केली आणि जागा धरून ठेवली, विकून मोकळे झाले नाहीत. २०१० नंतर त्या गवतावर पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या, स्टेशनाला लागून फरसबंद चौक झाला, आणि १९९८ चं स्टेशन एकदाचं गावात आलं. जवळच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही घरं झाली. त्यातली २०१५ ची ५७ घरांची पहिली इमारत 'पॅसिव्ह हाउस' पद्धतीची, जाड भिंती आणि हवाबंद खिडक्यांमुळे गरम करायला नाममात्र वीज लागणारी. त्या वेळी अमेरिकेतली अशी ती सगळ्यात मोठी बहुघरांची इमारत होती. शेजारच्या जुन्या गोल्फ मैदानावर घरं होणार होती, तिथे २०१७ मध्ये सार्वजनिक उद्यान झालं. रॉक क्रीकच्या काठाने तिथे चालायला जातो. मॅकडॉनल्ड यांचं घर त्याच वाटेवर दिसतं.

खटकतं ते वेगळंच. इथल्या बहुतेक लोकांची पोटं ज्यावर चालतात ते इंटेल कंपनीचं 'रोनलर एकर्स' नावाचं चिपच्या कारखान्यांचं आवार आमच्या स्टेशनपासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. एवढं जवळ, तरी माणसं मोटारीनेच जातात. आवारात वाहनांसाठी मजल्यांवर मजले आहेत. शिफ्ट बदलते ती बारा तासांनी, पहाटे आणि संध्याकाळी. मुलाला पाळणाघरात सोडायचं, येताना दूध आणायचं. मॅक्स कामाला नेते ती प्रामुख्याने पोर्टलंडला जाणाऱ्यांना, आणि कोविडनंतर तेही आठवड्यातून दोन-तीनदाच. स्टेशनाजवळ राहणाऱ्याकडेही गाडी आहेच, आमच्याकडे आहे. स्टेशनाने इथे मोटार हटवलेली नाही. दुसऱ्या मोटारीची गरज मात्र अनेक घरांतून गेली, आणि मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाली की आईबापांच्या पाठीमागे न लागता एकटी फिरायला लागतात. उपनगरात हे थोडकं नाही.

मराठी माणसं इथे आली ती या चिपच्या कारखान्यांमुळे. संध्याकाळी चौकात बाबागाडी ढकलताना कानावर मराठी पडतं, सदाशिव पेठेपासून नांदेडपर्यंतचं. गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेतात, लेझीम जिममध्ये होते. ऑगस्ट २०२४ पासून रेड लाइनही ओरेन्कोवरून पुढे जायला लागली, म्हणजे विमानतळापर्यंत गाडी बदलावी लागत नाही. वेळ लागतो, सव्वा ते दीड तास, पण मुंबईहून आलेल्या आजी-आजोबांना घ्यायला जाणारा जावई आता कधीकधी रेल्वेने जातो आणि सामानाकडे पाहून पस्तावतो.

आणि मग २०२५ चा उन्हाळा आला. जुलैमध्ये इंटेलने ओरेगनमधून सुमारे २,४०० लोकांना कमी केलं. राज्यात सगळ्यात जास्त नोकऱ्या देणाऱ्या खाजगी कंपन्यांपैकी ती. धक्का आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक मजल्याला बसला. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना "कसं काय" विचारेनासे झाले, कारण उत्तर काय येईल याची धास्ती. व्हिसावर असलेल्यांना दुसरी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला साठ दिवस. भाड्याने देण्याच्या पाट्यांवर पहिला महिना मोफत असं झळकायला लागलं. त्या दिवसांत मी १९२७ बद्दल पुन्हा वाचलं. नर्सरी बुडाली तेव्हा त्या हंगेरियन कुटुंबांनी काय केलं असेल? काही राहिली असतील, बहुतेक गेली असतील. हिल्सबरो आता लाखावर वस्तीचं शहर आहे, एक कंपनी शिंकली म्हणून ते नगरपालिका गुंडाळणार नाही. तरीही एका मालकाच्या जिवावर वसलेल्या गावाची मला धास्ती वाटते, आणि ती १९३८ चा हवाला देऊन जात नाही, उलट वाढते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा डोंबिवलीचा मित्र त्या यादीत होता. बायकोची नोकरी इथेच, मुलगी आठवीत, म्हणून त्याने घर सोडलं नाही. एक गाडी विकली. शोधाशोध करून पोर्टलंडच्या मध्यवस्तीत काम मिळालं, पगार कमी. आता रोज सकाळी मॅक्सने जातो. पहिल्या आठवड्यात मला म्हणाला, "डोंबिवलीहून फास्ट पकडत होतो ना, ही तर बसायला मिळते." महिनाभराने पाहिलं तर प्लॅटफॉर्मवर उभा राहून, गाडी चार मिनिटं उशिरा म्हणून, अस्सल डोंबिवलीच्या भाषेत कुरकुरत होता.